खाडा

हजेरी मांडताना मी दोन पेनं वापरायचो. आलेल्या माणसाच्या नावापुढं निळी उभी रेघ, न आलेल्याच्या नावापुढं लाल फुली. अर्धा रोज भरला तर रेघ अर्ध्यावर तोडायची. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लहान फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, मी १९८९ साली कारकून म्हणून लागलो, तेव्हा मालकांनी पहिल्या दिवशी शिकवलेली विद्या एवढीच. नुकत्याच बी.कॉम. झालेल्या पोराला ती फार हलकी वाटली. पुढं कळलं, की त्या शेडमधली माणसं भट्टीतल्या रसाला जेवढी भीत नसत तेवढी माझ्या लाल पेनाला भीत.

आठ वाजून दहा मिनिटांनी मी वही मिटायचो. त्यानंतर फाटकातून पळत येणारा माणूस आधी माझ्या टेबलाकडं बघायचा. "मांडली काय ओ?" एवढंच विचारायचा. मांडली असली की खांद्यावरचा टॉवेल झटकून तसाच उभा राहायचा. कारण ती एक फुली दोनदा खायची. त्या दिवसाचा रोज तर जायचाच, शिवाय महिनाभर एकही खाडा न करणाऱ्याला जे हजेरीबक्षीस असायचं तेही जायचं. म्हणजे पंचवीस दिवस वेळेवर आलेला माणूस सव्विसाव्या दिवशी पोराला ताप आला म्हणून थांबला, तर आधीच्या पंचवीस दिवसांनासुद्धा डाग लागायचा. मालक वाईट नव्हते. सगळ्या उद्यमनगरात असंच चालायचं आणि मलाही त्यात तेव्हा काही खटकलं नाही.

आपल्या भाषेत कामावर न जाण्याला निरनिराळे शब्द आहेत आणि प्रत्येक शब्दाची जात वेगळी. साहेब 'सुट्टीवर' असतो, सरकारी नोकर 'रजेवर' असतो, हजेरीवरचा माणूस 'खाडा करतो'. सुट्टी मिळते, रजा शिल्लक असते, खाडा मात्र पडतो. पडतो म्हणजे खड्डाच तो.

आमचे बाबा 'रजा'वाल्यांतले. शाहू मिलमध्ये होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली पायाभरणी केलेली ती मिल २००३ साली बंद पडली, पण त्याआधी तिनं कोल्हापुरातल्या कितीतरी गल्ल्या जगवल्या. भोंगा झाला की आमच्या गल्लीत चहा टाकला जायचा. बाबांच्या बोलण्यात 'माझ्या हक्काच्या रजा' हे शब्द इतक्या सहज यायचे, की लहानपणी मला वाटायचं, रजा ही वडिलोपार्जित जमिनीसारखी काहीतरी वस्तू असावी. मी कामाला लागल्यावर महिनाभरानं त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं कामगारांना रजा किती?" मी म्हटलं, "रजा नाही, खाडा आहे." ते काही बोलले नाहीत. पान थुंकायला म्हणून उठून बाहेर गेले ते बराच वेळ आत आले नाहीत.

कायदा होता. १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार वर्षात २४० दिवस भरणाऱ्याला दर वीस दिवसांमागं एक भरपगारी रजा मिळायची. पण विजेवर चालणाऱ्या शेडमध्ये किमान दहा माणसं असली तरच तो कायदा दार उघडायचा. आमच्या शेडमध्ये माणसं होती अठरा. पक्क्या वहीत नऊ. बाकीची नऊ कच्च्या वहीत. दोन्ही वह्या माझ्याच अक्षरातल्या. पक्की वही निरीक्षकासाठी कपाटात, कच्ची खालच्या ड्रॉवरमध्ये. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. 'कारखाना' म्हणवून घ्यायला विजेवरच्या शेडला आता वीस माणसं लागतात. रजेला २४० च्या ठिकाणी १८० दिवस पुरतात, ही त्यातली चांगली गोष्ट. पण जिथं वहीत नऊच माणसं असतात तिथं १८० काय आणि २४० काय. दहाव्या माणसाला वहीत कोण घेतो?

त्या कच्च्या वहीत पहिलं नाव मामांचं असायचं. ते कुणाचे मामा हे कुणालाच माहीत नव्हतं, पण मालकही त्यांना मामाच म्हणायचे. मोल्डर होते, म्हणजे रस ओतायचे वाळूचे साचे भरणारे. वाळूची मूठ दाबून, मोडून बघायचे आणि ओल बरोबर आहे का ते सांगायचे. त्यांनी भरलेल्या पेटीतलं कास्टिंग क्वचितच परत यायचं. पावसाळ्यात वाळू ओली झाली की दुसऱ्या शेडचे लोकसुद्धा त्यांना विचारायला यायचे. त्यांच्या हाताला रोज मिळायचा तो मात्र अकुशलाचा. कुशल कामगार म्हणून लिहायचं तर पक्क्या वहीत घ्यायला हवं, आणि पक्क्या वहीत घ्यायचं तर ते दहावे झाले असते.

पुढं मी ती नोकरी सोडली आणि लहान कारखान्यांचे हिशेब, पीएफ-ईएसआयची, म्हणजे फंडाची आणि कामगार विम्याची, कागदपत्रं करून द्यायचा धंदा सुरू केला. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडं फिरलो. इतक्या वर्षांत मी एवढं बघितलं, की गरीब माणूस काम करत नाही हा समज ज्यांचा आहे त्यांनी कधी पगारपत्रक लिहिलेलं नसतं. मी ज्यांचे पगार काढले त्यातले बहुतेक दिवसाला दहा-बारा तास उभे असायचे, आणि दर महिन्याच्या वीस तारखेनंतर उचल मागायला यायचे. कामाला असूनही गरीब, असं म्हणणंच चुकीचं आहे. ते कामाला होते आणि त्या कामाच्या दरामुळं गरीब होते.

दराचं गणित कुणी कधी केलंच नाही असं नाही. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं किमान वेतन कसं काढावं ते ठरवलं. खाण्याच्या मापात पुरुष एक एकक, बायको ०.८, दोन पोरं प्रत्येकी ०.६, मिळून तीन एककं. प्रत्येक एककाला रोज २७०० कॅलरी. सगळ्या घराला वर्षाला ७२ वार कापड. वर घरभाडं, आणि जळण, दिवाबत्ती, किरकोळ यांसाठी २० टक्के. मला त्या ७२ वारांचं फार कौतुक वाटतं. कुणीतरी सरकारी टेबलावर बसून कामगाराच्या बायकोचं लुगडं, पोराची चड्डी आणि पांघरूण यांचा हिशेब केला होता. त्या हिशेबात म्हातारी आई नव्हती हे मात्र माझ्या लगेच लक्षात आलं, कारण मामांच्या घरी होती. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं शिक्षण, दवाखाना, सणवार, लग्न, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरा असं सांगितलं.

एवढं सगळं धरून काय निघायला हवं आणि प्रत्यक्षात काय निघालं? देशभरासाठी जी तळाची मजुरी केंद्रानं २०१७ साली सुचवली ती दिवसाला १७६ रुपये. २०१९ साली सरकारनंच नेमलेल्या अनुप सत्पथी समितीनं ती ३७५ असायला हवी असं सांगितलं. समितीचा अहवाल राहिला बाजूला. राज्याचे दर वेगळे असतात, तळाच्या मजुरीपेक्षा बरे असतात, दर सहा महिन्यांनी विशेष भत्त्याचं पत्रक निघतं. ते पत्रक मी माझ्या गिऱ्हाइकांना पाठवायचो. काही जण त्याप्रमाणे पगार करायचे. काही जण बँकेत पूर्ण पगार जमा करायचे आणि संध्याकाळी फाटकाजवळ माणसाकडून त्यातले काही रोख परत घ्यायचे. कागद स्वच्छ. या दुसऱ्या प्रकारात माझा हात नव्हता असं मी म्हणू शकतो, पण मला माहीत होतं एवढं कबूल करायला पाहिजे.

आता गंमत बघा. रेशनच्या धान्यासाठी प्राधान्य कुटुंबात बसायचं तर महाराष्ट्रात शहरी घराचं वर्षाचं उत्पन्न ५९,००० च्या आत हवं. खेड्यात ४४,०००. तळाची ती १७६ रुपयांची मजुरी महिन्याला सव्वीस दिवस, वर्षाचे ३१२ दिवस एकही खाडा न करता मिळाली तर होतात ५४,९१२. म्हणजे घरात एकच माणूस आणि तोही अगदी तळाच्या दरानं कमावत असला तर रेशन. बायको दोन घरची भांडी घासायला लागली की घर श्रीमंत. राज्याचा स्वतःचा किमान दर मिळाला तर एकट्यानंच श्रीमंत. सरकार एका टेबलावर सांगतं, याच्या खाली मजुरी देणं गुन्हा आहे. दुसऱ्या टेबलावर सांगतं, एवढी मजुरी मिळते तर तू गरीब कसला. मग उत्पन्नाच्या दाखल्यावर जो तो पंचेचाळीस-पन्नास हजार लिहून देतो. लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, सही करणाऱ्याला ठाऊक असतं. पोटासाठी खोटं बोलायची पाळी आणायची आणि मग 'बोगस लाभार्थी' म्हणून त्यांनाच हुडकत फिरायचं.

हे हुडकणं कसं चालतं ते मला आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशींमुळं जवळून कळलं.

मावशी राजारामपुरीत पाच घरची धुणीभांडी करतात. सहाला घरातून निघतात, आमच्याकडं यायला साडेनऊ होतात, शेवटचं घर उरकून परत जाईपर्यंत दोन वाजतात. पाचही घरचे मिळून आठ हजारांच्या आसपास. नवरा फौंड्रीत ग्राइंडिंगला होता. वीस वर्षं तोंडाला रुमाल बांधून कास्टिंग घासलं. आता चार पायऱ्या चढला की बसून घेतो. वाळूतली सिलिका फुप्फुसात बसली की निघत नाही, हे मी नोकरीत असतानाच वाचलं होतं. थोरला पोरगा गोकुळ शिरगावला ठेकेदाराकडं आहे.

तर रेशनचं केवायसी आलं. घरातल्या प्रत्येकानं दुकानात जाऊन मशीनवर अंगठा द्यायचा. पहिल्या दिवशी मावशी गेल्या तेव्हा सर्व्हर बंद. दुसऱ्या दिवशी सर्व्हर चालू, पण मावशींचा अंगठा उठेना. "धा येळा ठेवला बगा दादा. तेल लाव म्हणाले, लावलं. पूस म्हणाले, पुसला. मशीन म्हणतंय ही बाईच न्हवं." तीस वर्षं राखेनं, मग पावडरनं, मग बारनं भांडी घासलेला तो अंगठा. त्याच्यावरच्या रेघा पाच घरांच्या कढयांनी नेल्या. नवऱ्याच्या बोटांचीही तीच गत, त्या ग्राइंडरनं नेलेल्या. तिसऱ्या खेपेला पोराला घेऊन गेल्या, म्हणजे त्याचाही खाडा. माणशी पाच किलो धान्य, चौघांचं वीस किलो. त्यासाठी मावशींचे तीन दिवस आणि पोराचा एक.

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय लटकलेलं असतं. दुधाचा हिशेब त्याच्यावर, गॅस कधी लावला ते त्याच्यावर, आणि मावशी न आलेल्या तारखांना बायको पेन्सिलीनं गोल करते. हे मी किती वर्षं बघत होतो, पण कधी दिसलं नव्हतं. हजेरीपुस्तक सोडून मला पंचवीस वर्षं झाली असं मी समजत होतो आणि ते माझ्याच भिंतीवर टांगलेलं होतं. "मी पैसे कापत नाही हं," बायको म्हणाली, "नुसतं मांडते." ते खरं आहे. दोनापेक्षा जास्त झाले तरच कापते.

त्या महिन्यात मावशी स्वतःच कॅलेंडरसमोर उभ्या राहिल्या. गोल मोजले. "चार झाल्यात न्हवं वैनी?" बायकोला अवघडल्यासारखं झालं. "असू दे मावशी." तेव्हा मावशी हसल्या आणि म्हणाल्या, "त्यो खाडा मांडायचाच न्हाई खरं म्हंजे. त्या दिशी मी सरकारकडं कामाला गेलतो."

मी पेपर वाचत होतो तो खाली ठेवला. कारण सरकारकडं बिनपगारी काम करायला जाणं याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे. वेठ. गावात अंमलदार आला की त्याचं सामान वाहायचं, घोड्याला दाणावैरण आणायची, लाकडं फोडायची, आणि संध्याकाळी हात हलवत परत यायचं. त्या दिवशी शेतातली मजुरी बुडाली तर ती ज्याची त्यानं सोसायची. ती वेठ याच करवीर संस्थानात शाहू महाराजांनी बंद केली. ती करणारे कोण होते हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि ती करवून घेणारे आपलेच अधिकारी आहेत हेही माहीत होतं. दुष्काळात दान देणारे राजे पुष्कळ झाले. स्वतःच्याच कचेरीला 'तू या माणसाचा दिवस घेऊ शकत नाहीस' असं बजावणारे थोडे.

आज कचेरी लाकडं फोडून घेत नाही हे खरं. पण दिवस घेतेच. दाखल्याला दिवस, दाखला दुरुस्त करायला दिवस, आधारवर मोबाईल नंबर लावायला दिवस. बांधकाम कामगार म्हणून नोंद व्हायची तर वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला हवा, आणि तो मिळवायला काम सोडून फिरायला हवं. ज्याचा पगार खाड्यानं कापला जात नाही तो माणूस खिडकीच्या आत बसलेला असतो, म्हणून 'उद्या या' हे दोन शब्द त्याला फुकट वाटतात. माझ्यासारख्याला ते वैतागाचे वाटतात. मावशींना ते अडीचशे रुपयांचे पडतात.

याचा अर्थ योजना नकोत असा काढणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. सकाळी रंकाळ्यावर फिरताना भेटतात. 'पंधराशे रुपये देऊन बायकांना आळशी केलं' म्हणतात. मी मावशींना विचारलं होतं, पंधराशेचं काय करता. म्हणाल्या, "गॅस न् रिचार्ज." रिचार्ज कशाला, तर ओटीपी यायला. १९५७ च्या त्या हिशेबात ७२ वार कापड होतं, रिचार्ज नव्हता. आता लुगडं एक वेळ फाटकं चालतं, फोन बंद पडून चालत नाही. पैसे द्यावेत, माझी काही तक्रार नाही. पण हाताला पडणारी मजुरी सरळ करणं हे सरकारचं पहिलं काम आणि पंधराशे हे दुसरं. पहिलं अवघड आहे, त्यात कुणाची तरी नाराजी आहे. म्हणून दुसरं आधी होतं.

आमचे मालक दुसऱ्या बाजूचं बोलायचे, तेही खोटं नव्हतं. मोठ्या कंपनीचं जॉबवर्क, दर त्यांनी ठरवायचा, माल त्यांनी नाकारायचा, बिल तीन-चार महिन्यांनी द्यायचं. "मलाच हजेरी नाही, मी ह्यांना कुठून देऊ?" असं ते एकदा म्हणाले होते. लघुउद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्या असा कायदा २००६ सालचा आहे. तो लावायचा तर शेवटी सरकारच लागतं. उद्यमनगरातला लहान मालक आणि त्याचा मोल्डर हे दोघं एकमेकांकडं बोट दाखवत राहतात, आणि ज्यानं दोघांचा दर ठरवला तो कुठल्या शहरात बसतो हे दोघांनाही धड माहीत नसतं.

आणि सरकार स्वतः मालक असतं तिथं काय करतं? अंगणवाडीतल्या ताईला, आशाताईला जे देतं त्याला 'मानधन' म्हणतं. शब्दात मान आहे, धन आहे, फक्त वेतन नाही. वेतन म्हटलं की किमान वेतन आलं, रजा आली, पेन्शन आली. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या त्या जवळजवळ दोन महिने होत्या. एवढा मोठा खाडा त्यांना कसा परवडला असेल, याचा हिशेब मी पगारपत्रकं लिहिणारा असूनही करू शकत नाही.

पुराचंही असंच. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पन्नास फुटांच्या वर गेलं. सुतारवाड्यातली माणसं दरवेळी पहिल्यांदा हलवतात, त्यांचं घर बुडतं, त्यांना मदत मिळते, मिळायलाच हवी. पण मावशींच्या घरात पाणी आलं नव्हतं. पाच घरांपैकी तीन घरांकडं जाणारा रस्ताच पाण्यात होता, फौंड्री बंद होती, पोराला ठेकेदारानं येऊ नको म्हणून सांगितलं. तलाठी भिंतीवरची पाण्याची रेघ बघून पंचनामा करतो. बुडालेल्या रोजाची रेघ कुठल्याच भिंतीवर उमटत नाही.

तरी याच राज्यानं पूर्वी काही शहाणपणाच्या गोष्टी केल्या आहेत, म्हणून मला जास्त राग येतो. हमालाला एक मालक नसतो. आज या दुकानाचं पोतं, उद्या त्या. त्याची रजा कोण देणार, फंड कोण भरणार? १९६९ च्या माथाडी कायद्यानं मंडळ केलं. सगळ्या व्यापाऱ्यांनी मजुरी आणि वर ठरलेली लेव्ही मंडळात भरायची, मंडळानं हमालाला पगार, फंड, रजा, बोनस द्यायचा. मावशींची स्थिती हमालापेक्षा वेगळी कुठं आहे? पाच घरं म्हणजे पाच व्यापारी. २००८ साली घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदाही झाला. पण आमच्या दारात आजवर कुणी पावतीपुस्तक घेऊन आलेलं नाही. आलं असतं तर मी भरले असते का? भरले असते, थोडी कुरकुर करून. व्यापाऱ्यांनीही कुरकुर केलीच होती.

आणि रोजगार हमी. १९७२ च्या दुष्काळात उभी राहिलेली, १९७७ साली महाराष्ट्रानं कायदा केलेली, पुढं साऱ्या देशानं २००५ साली उचललेली. तिच्यासाठी महाराष्ट्रात व्यवसाय कर घेतात. महिना दहा हजारांवर पगार गेला की पुरुष कामगाराचे महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, वर्षाला अडीच हजार. मी ते हजारो वेळा कापले आहेत. फेब्रुवारीच्या पगाराला हमखास कुणीतरी यायचं, "शंभर जादा का कापले?" ज्याच्या पगारातून दुसऱ्याच्या कामाची हमी दिली जाते, त्याचं स्वतःचं काम सुटलं तर शहरात त्याला कसली हमी नाही, हे त्याला समजावून सांगायचं माझं धाडस झालं नाही. 'नियम आहे' म्हणायचो.

एक खाडा मात्र बायकोनं कॅलेंडरवर मांडला नाही. तेव्हा आमच्याकडं दुसऱ्या मावशी होत्या. कामगारांचे खटले लढणारे कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ ला गोळ्या झाडल्या, २० तारखेला ते गेले. त्या मावशी म्हणाल्या, "वैनी, उद्या येत न्हाई." विचारलं नाही, सांगितलं. बायको म्हणाली, "बरं."

मामा मला सात-आठ वर्षांपूर्वी भेटायला आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात आधार, रेशनकार्ड, डोळ्याच्या ऑपरेशनचे कागद. ती फौंड्री केव्हाच बंद झालेली, मालकही गेलेले. मामांच्या भाच्यानं त्यांना सांगितलं होतं, की इतकी वर्षं काम केलं तर पेन्शन असते. कुठल्या तरी खिडकीवर त्यांना नोकरीचा पुरावा मागितला होता.

"तुमच्या वहीत माझं नाव आसंलच की," मामा म्हणाले. "रोज तर मांडत हुता."

मांडत होतो. एकवीस वर्षांपैकी अकरा वर्षं मीच मांडली. निळ्या रेघाच रेघा, कारण मामा खाडा करत नसत. पण दिवाळीत लक्ष्मीपूजन झालं, नवीन वही सुरू झाली, की जुनी कच्ची वही मालक स्वतःच्या हातानं भट्टीत टाकायचे. मी त्यांना हे कसं सांगितलं ते मला आता आठवत नाही. आठवतं एवढंच, की मामा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तरी म्हटलं, दिवाळीच्या टायमाला भट्टीजवळ कागद कसला जळतोय." चहा घेतला. जाताना दारातली कुंडी बघून माती फार घट्ट झालीय म्हणाले. मूठभर उचलली, दाबली, मोडून बघितली, आणि थोडी वाळू घाला म्हणाले.

परवा मंगळवारी मावशींना पुन्हा जायचं होतं. लाडक्या बहिणीच्या केवायसीला नवऱ्याच्या आधारवर ओटीपी जातो, आणि नवऱ्याच्या आधारला जोडलेला नंबर कुठल्या तरी जुन्या फोनचा, जो आता नाही. नंबर बदलायला माणूस स्वतः यावा लागतो. मी म्हटलं, गाडीवरून सोडतो, त्यांना दम लागतो. दोन खेपा केल्या. केंद्र पहिल्या मजल्यावर. नवरा अर्ध्या जिन्यात बसला. साडेदहाला आम्हाला सत्तेचाळीस नंबरचं टोकन मिळालं, आत एकोणीस चालू होता. बाहेर भिंतीला टेकून बसलेली बहुतेक माणसं कामाच्याच कपड्यांत होती. एकाच्या पँटीवर ओल्या सिमेंटचे शिंतोडे अजून ओले होते. तो पुनःपुन्हा फोन काढून वेळ बघत होता. शेवटी मला म्हणाला, "दादा, एकपत्तोर हुईल काय? मुकादम अर्धा रोज धरतो म्हणलाय."

मी आत डोकावून आलो. बावीस चालू होता.

मावशींनी तेवढ्यात फोन लावला होता. "वैनी, भांडी तशीच ठेवा. भिजत घालू नगा, वास सुटतोय. सांजच्याला येतो मी."

मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "दादा, तुमी जावा की आता. तुमचा कशाला खोळंबा?"

खाली जिन्यात नवरा त्यांच्या टोकनाचा नंबर ओरडतात की काय म्हणून कान देऊन बसला होता.